निवडखोलीतल्या बाईची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, इस्पितळाच्या धुलाई विभागातून निवृत्त, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाईंनी सांगितले. कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी पडून मी हे करत नाही. मधूनमधून आलेला घरगुती मजकूर वकीलबाईंना अनावश्यक वाटतो. तो तसाच राहावा अशी माझी इच्छा आहे, आणि हे इच्छापत्रच आहे.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या व स्वयंपाकघर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत माझ्या एकुलत्या एक मुलीला संपूर्ण मालकीहक्काने मिळावी. त्यावर माझ्या दिवंगत पतीच्या नातलगांचा कसलाही हक्क नाही. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो, हे तिला ठाऊक आहेच.

कलम २. माझे मोठे दीर यांस स्टीलचा एक पेला. नवरा गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. भाऊजींनी आम्हां दोघींना आसरा दिला, हे मी नाकारत नाही. पण मी निवडखोलीत कामाला लागले आणि त्यांच्या घरात माझ्यासाठी वेगळा पेला आला. बाकीच्या भांड्यांपासून लांब, खिडकीत. ते घर सोडताना तो मी पिशवीत घालून आणला. चोरी कबूल आहे. भाऊजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. मागच्या महिन्यात घरी आले आणि माझ्या हातचा चहा दोनदा मागून प्याले, तेव्हा राग असा उरलेला नाही. तरी वस्तू त्यांची आहे, त्यांना परत जावी.

कलम ३. यात मिळकत नाही, माहिती आहे. इस्पितळाच्या तळघरात, सगळ्या वॉर्डांतून उतरलेली मळक्या कपड्यांची गाठोडी जिथे सोडतात, ती निवडखोली. रक्ताचे कपडे वेगळे, शौचाचे वेगळे, मग ते यंत्रात. तिथे कोणी टिकत नसे. मला ते काम मिळाले, कारण दुसऱ्या कोणाला ते नको होते. मी ते घेतले, कारण मुलीला दोन वेळ जेवायला लागत असे. याहून मोठे कारण तेव्हा नव्हते आणि मी मागाहून बनवणार नाही.

पहिल्या दिवशी मी तीनदा ओकले. खोलीतल्या जुन्या कामकरीणबाई, त्यांना सगळे आक्काच म्हणत, माझ्यापुढे बादली सरकवून म्हणाल्या, "ओक खुशाल. पण चादरीला शिव्या देऊ नकोस. त्या माणसाने काही मुद्दाम नाही केलं."

महिनाभर काढू, असे ठरवून मी तोंड धुतले. एकतीस वर्षे काढली.

कलम ४. आमच्या विभागाचे मुकादम यांस माझ्याकडून काहीही मिळू नये. ते हयात नाहीत, हे मला माहीत आहे. तरी नोंद असावी.

माझ्या नोकरीच्या नवव्या वर्षी बाळंतिणींच्या वॉर्डातल्या चादरींना वेगळाच वास येऊ लागला. बाळंतपणाचे रक्त मला पाठ होते. हा वास तो नव्हता, आणि डागाच्या कडेला पिवळसर रिंगण होते. मी मुकादमांना सांगितले. ते म्हणाले, "तुझं काम निवडायचं. वास घ्यायला वर डॉक्टर बसलेत." मी गप्प बसले. चार दिवस.

पाचव्या दिवशीही तोच वास आला. एक चादर झाकणाच्या बादलीत घालून मी जिना चढले आणि मेट्रनबाईंच्या टेबलापुढे उभी राहिले.

"हे काय आणलंस इथे?"

"बाई, वास घ्या."

त्यांनी झाकण काढले. मग वाकून त्यांनी खरोखरच वास घेतला आणि खुर्ची मागे ढकलून वॉर्डाकडे धावल्या. हत्यारे निर्जंतुक करण्याचे यंत्र नीट तापत नव्हते, असे चौकशीत निघाले. अकरा बायकांवर वेळेत उपचार झाले. अकराजणी आपापली बाळे घेऊन चालत घरी गेल्या. बारावी त्या चार दिवसांतच गेली होती. तिचे नाव मला कोणी सांगितले नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मुकादमांनी मला गप्प केले हा त्यांचा दोष. मी झाले, हा माझा. त्यापुढे कोणी गप्प केले तरी मी झाले नाही. याला साक्षीदार पुष्कळ आहेत.

कलम ५. त्यानंतर मेट्रनबाईंनी मला वरच्या मजल्यावर कोऱ्या चादरींच्या कोठारात बढती देऊ केली. खिडकी होती, बसायला खुर्ची होती. मी नको म्हटले. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि मैत्रिणींना आई ऑफिसात असते असे सांगत असे. ती संतापली. "तुला घाणच आवडते का गं?"

"घाण नाही आवडत. मला त्यातलं कळतं, ते आवडतं."

ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मीही समजूत घातली नाही. तेरा वर्षांच्या मुलीला कसे सांगावे, की धुतलेल्या चादरींच्या घड्या कोणीही मोजेल, पण खाली माझ्या जागी दुसरी कोणी असेल, तर तो वास तिला कळेल की नाही या विचाराने मला त्या खुर्चीत बसवलेच नसते?

मात्र माझ्या मागे कोणी भाषण करून माझ्या कामाला सेवा, व्रत वगैरे म्हणू नये. असे म्हणणाऱ्यांनीच सहा वर्षे आम्हाला हातमोजे दिले नव्हते. माझ्या बोटांची खाज अजून गेलेली नाही. काम चांगले होते. ज्या हालात ते करायला लावले, ते वाईट होते. या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधू नयेत.

कलम ६. बँकेतील ठेवीतून प्रथम निवडखोलीत हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा आणि गरम पाण्याचा नळ बसवावा. उरलेली रक्कम मुलीला. हे खरे तर व्यवस्थापनाचे काम, पण अर्ज करून माझे हात दुखले. माझ्या नावाची पाटी लावू नये. पंख्याची जाळी मात्र दर महिन्याला धुवावी.

कलम ७. माझी डागांची वही, रंगीत पेन्सिलींनी काढलेली, हल्ली निवडखोलीत असलेल्या बाईला द्यावी. कोणता डाग कशाचा आणि कोणता दिसताच जिना चढायचा, ते त्यात आहे. ती बाई तीन महिन्यांपूर्वी लागली. आपण कुठे काम करतो, ते तिने घरी अजून सांगितलेले नाही. तरी मला शोधत दोनदा इथवर आली आणि नेमके प्रश्न विचारून गेली. ती टिकेल.

पुरवणी. वरील मसुदा मुलीने सहीपूर्वी वाचला. कलम ७ तिने दोनदा वाचले. मग म्हणाली, "घर मला, आणि वही तिला?"

"तुला काय करायची आहे वही?"

"मला कधी दाखवलीसुद्धा नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

दोन्ही खरे होते, त्यामुळे भांडण पुढे गेले नाही. दुसऱ्या दिवशी ती तेवढ्याच आकाराची वही आणि पेन्सिलींची पेटी घेऊन आली आणि नक्कल करायला बसली. सही तीन आठवडे लांबली ती यामुळे. रोज ऑफिस सुटल्यावर येते, चष्मा लावते, विचारते, "हा पिवळा जखमेचा की काविळीचा?"

"काविळीचा. कडा बघ."

"हो गं. कडा वेगळीच आहे."

म्हणून कलम ७ पुढीलप्रमाणे वाचावे: मूळ वही त्या बाईला आजच द्यावी, माझ्या मरणाची वाट पाहू नये. नक्कल मुलीकडे राहावी. नकलेच्या पहिल्या पानावर मुलीने स्वतःच्या अक्षरात "माझ्या आईचे काम" असे लिहून त्याखाली ते काम काय होते, कुठे होते, ते काहीही न लपवता लिहिले आहे. ते मी वाचले, मला ते समजले व मान्य आहे.

सही: (अक्षर लागत नाही, पण बँकेत चालते)

साक्षीदार १: शेजारीण, शिवणकाम. मृत्युपत्र करणारीने माझ्यासमोर सही केली.
साक्षीदार २: निवृत्त मेट्रन. माझ्याही समोर केली. कलम ४ मधील हकिगत खरी आहे.

ठिकाण: राहत्या घरातील जेवणाचे टेबल
दिनांक: पाच तारीख, सोमवार, सकाळी अकरा वाजता