यादीतून गळलेला भोंगा

४ मार्च
सूनबाईने आज आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी कॉम्प्युटरवर लिहिलेला प्रोग्राम दाखवला. पूर्वी म्हणे साठवलेल्या माहितीला काही विचारायचं तर प्रश्न दुसऱ्याच भाषेत, अवतरणचिन्हांत बांधून पाठवावा लागे. चुकला तरी चालवेपर्यंत पत्ता नाही. आता प्रोग्रामच्याच भाषेत विचारता येतं. चूक झाली की लिहितानाच लाल रेघ! तिने विचारलं होतं, ‘आपली तुकडी, हयात, गावाबाहेर राहणारे’ — कोणाची उतरायची सोय करायची ते कळावं म्हणून. तीन ओळी. मला कडवंच वाटलं.

आणि उत्तरात भोंगा! माझ्या बाकावरचा दोस्त. गुरुजी आम्हा दोघांना कविता ओळीआड म्हणायला लावायचे — एक माझी, एक त्याची. म्हणून आजही मला प्रत्येक कविता अर्धीच येते. उरलेल्या ओळी त्याच्याकडे.

“लावा ना फोन, बाबा. नंबर समोरच आहे.”

उद्या. आधी माझ्या ओळी घोकतो. अडखळलो तर हसेल गाढव.

५ मार्च
घोकल्या. फोन नाही केला.

७ मार्च
धीर करून यादी उघडली. भोंगा नाही. पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. नाहीच.

सूनबाई म्हणाली, “बाबा, आपण प्रश्न जपून ठेवलाय, उत्तर नाही. यादी उघडली की तो नव्याने विचारला जातो. मधल्या काळात त्यांची नोंद कुणीतरी बदलली असणार.”

काय बदललं, ते ती बोलली नाही. तिन्ही अटी मलाही पाठ आहेत. तुकडी तर या वयात बदलत नाही.

“एकेक अट काढून बघू?”

“नको.”

८ मार्च
दिवसभर गॅलरीत येरझाऱ्या. माझी ओळ म्हणतो, थांबतो, पुढची म्हणतो. मधली जागा तशीच.

“बसा की जरा, फरशी झिजेल,” मुलगा म्हणाला. सूनबाईने डोळे वटारले, तसा तो पेपरात शिरला.

तिने पुन्हा विचारलं. पुन्हा नको म्हणालो. एवढा कसला भित्रा मी? पण निदान आज तरी तो आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. तेवढंच बरं.

९ मार्च
सूनबाईने मला न विचारताच केलं. ‘हयात’ तशीच ठेवून ‘गावाबाहेर’ काढली.

भोंगा परत यादीत! आपल्या लेकीकडे राहायला आलाय, इथे गावातच. पाण्याच्या टाकीमागे. चालत जाण्याजोगं!