भरलेला ट्रे

३ मार्च
सात नंबरच्या खाटेवरचे काका, बसड्रायव्हर, सकाळपासून सगळ्या वॉर्डाची थट्टा करत होते. अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं आणि बघता बघता ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. ॲलर्जी! इमर्जन्सी ट्रेकडे धावले. अशा वेळी जीव वाचवणाऱ्या ॲड्रेनलिनचा खण रिकामा. एकसुद्धा ॲम्प्युल नाही!

शेजारच्या वॉर्डातून पळत आणलं, मांडीत टोचलं. तोवर काका निळे पडले होते. आता आयसीयूत आहेत.

ड्युटी बदलताना ट्रे माझ्या जिवलग मैत्रिणीनं, आधीच्या पाळीच्या बडबडीनंच ताब्यात दिला होता. "भरलाय गं, जा, आधी चहा घे." बाकीच्यांचा ट्रे आम्ही दोघी उघडून बघतो. एकमेकींचा कधीच नाही. मैत्रिणीचा काय तपासायचा?

४ मार्च
काका शुद्धीवर! म्हणाले, "गाडी बंद पडली होती, पोरीनं धक्का मारला." मी हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

५ मार्च
मेट्रननी दोघींना बोलावलं. जिचं तोंड झोपेतही बंद नसतं ती बडबडी मान खाली घालून एवढंच म्हणाली, "मी भरूनच दिला होता."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! हॉस्टेलपासून एका ताटात जेवलो आम्ही. केसानं गळा कापला. मेट्रन मला म्हणाल्या, "चौकशी होईपर्यंत घरी बसा." हा डाग लागला तर मला दारात तरी कोण उभं करेल?

७ मार्च
आई म्हणते, "तिची काहीतरी अडचण असेल." असेल ना! म्हणून माझ्या पोटावर पाय?

८ मार्च
ती फोन उचलत नाही.

९ मार्च
तिच्या घरी जाऊन घसा बसेपर्यंत भांडले. तिनं पर्स पलंगावर उपडी केली. चष्म्याचं घर — हिला चष्मा नाही! आत ॲड्रेनलिनच्या दोन ॲम्प्युल, सिरिंज.

"सहलीत तुला गांधीलमाशी चावली, घसा आवळला, आणि माझ्या हातात काही नव्हतं. तेव्हापासून बाळगते. जुन्यांची मुदत संपली म्हणून ट्रेमधल्या दोन्ही घेतल्या. भरायचं राहून गेलं."

"मग मेट्रनसमोर?"

"घाबरले गं. घेऊन जा. दाखव त्यांना."

घेऊन आले. समोर टेबलावर ठेवलंय.

१० मार्च
चष्म्याचं घर घेऊन मेट्रनच्या दारापर्यंत गेले. न दाखवताच परत आले.