नुसता रंग

१० फेब्रुवारी
जर्नलच्या परीक्षकांची मेल आली! पेपर जवळजवळ पास. एकच शंका – पेशीत दिसणारे लाल ठिपके आरएनएचेच, की त्याला चिकटवलेला रंग सुटून आत शिरलाय? नुसता रंग घालून दाखवा, म्हणे.

आमचा सगळा दावाच हा – बाहेरचा चिमुकला आरएनए पेशी आपणहून आत ओढून घेते, शेजारणीलाही देते. दोन वर्षं मी तेच करतेय. पहिले ठिपके विनयला दिसले होते – माझा सीनियर, आता जर्मनीला निघालाय. "एक दिन का काम है," विश्वनाथ सर म्हणाले. सर म्हणजे माझे गाइड.

१२ फेब्रुवारी
पेशींच्या दोन प्लेट्स. एकीत रंग लावलेला आरएनए, दुसरीत नुसता रंग.
दोन्ही लाल. अगदी सारख्या!

१३ फेब्रुवारी
पुन्हा केलं. नव्या पेशी, नवा रंग. लालच.
म्हणजे दोन वर्षं मी रंगाचे फोटो काढत होते?
फरीदाबादच्या लॅबमधून दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला घरी कशी पोचले, आठवत नाही. आई – "जेवत का नाहीस?" एक्सपेरिमेंट बिघडला, म्हटलं. "मग उद्या परत कर की." उद्या परत!

१४ फेब्रुवारी
विनयला सांगितलं. त्याने आधी दार लावलं. मग – "यार, मेरा वीज़ा लग चुका है. कॅमेरे का एक्सपोज़र कम कर दे. दिखेगा ही नहीं."
करून पाहिलं. खरंच दिसेना! तो खोटा फोटो डिलीट केला.

१७ फेब्रुवारी
सरांच्या केबिनमध्ये गेले. खरे फोटो टेबलावर ठेवले. सरांनी चष्मा काढला, पुसला – किती वेळ! मग म्हणाले, "यह तो पहली बार देख रहा हूँ. अच्छा किया, अपूर्वा. पेपर वापस लेते हैं."
जिन्यात येऊन रडले. पीएचडी दोन वर्षं मागे गेली. पण असा गाइड मिळायला नशीब लागतं!

१९ फेब्रुवारी
सर काय म्हणाले, ते विनयला कळवलं होतं. त्याचा मेसेज – "सर ने पहली बार देखा? यह देख." खाली त्याच्या लॅबवहीच्या पानाचा फोटो. नुसता रंग – लाल. तारीख तीन वर्षांपूर्वीची.
खाली कोपऱ्यात सरांची सही.