थरथरती रेघ

बाबा,

मी मजेत आहे. बोटाचा चटका भरत आलाय, आईने घाबरू नये.

इथे न्यूयॉर्कला निऑन दिव्यांच्या काचेच्या नळ्या प्रदर्शनांसाठी वाकवतात. मेबल नावाच्या चित्रकर्तीला तिच्या वारलेल्या आईच्या थरथरत्या अक्षरातलं 'जेवलीस का?' निऑनमध्ये हवं होतं. हाँगकाँगला दुकानांच्या निऑन पाट्या करताना तुम्ही शिकवलंत, तशा मी त्या रेघा सरळ केल्या. पेटवल्यावर ती म्हणाली, "सुरेख झालंय गं, पण ही माझी आई नाही."

पुन्हा नळी तापवली. माझा हात मेला थरथरेचना! शेवटी तुम्ही चहाचा पेला उचलता तसा नेला, तेव्हा जमलं. मेबल कितीतरी वेळ बघत राहिली.

हल्ली पत्रं आईकडून का लिहून घेता, मला कळतं. दोन ओळी स्वतःच्या हाताने पाठवा. एकही रेघ सरळ करणार नाही.

तुमची हट्टी लेक,
सिउ-यिंग