झिरकोनियमवरचा नवा थर

२२ सप्टेंबर, सकाळ
आजपासून शिस्त. पीएचडीची ही शेवटची मुदतवाढ. डिसेंबरअखेर थिसिस दिला नाही तर नोंदणी रद्द. घाबरण्यासारखं काही नाही. अणुभट्टीतल्या नळ्यांचा धातू, म्हणजे झिरकोनियम, तापल्या पाण्यात ठेवला की त्यावर कसला थर चढतो, एवढंच तर सांगायचंय. संध्याकाळी पहिलं प्रकरण.

संध्याकाळ
लाईट गेली. आली तेव्हा मूड नव्हता.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. आईनं पाटावर विळी, पाना, माझा लॅपटॉप मांडला. म्हणाली, तुझं खरं हत्यार कुठंय, त्याला कशाला वगळायचं. पटलं. थर चढवून तयार केलेले धातूचे नमुने घरीच होते. काळ्या चकचकीत चकत्या डबीतून मीच काढून दिल्या. हळदकुंकू लागलं, नमस्कार झाला. नंतर रुमालानं पुसून ठेवल्या. नमुन्याला बोटही लावू नका, असं माझ्या गाईड, राहत मॅडम, सांगतात. मॅडम प्रत्येक गोष्ट लई ताणतात.

९ ऑक्टोबर
चकत्या तपासणीला बाहेरगावी पाठवल्या. ते मशीन आपल्याकडे नाही, नंबर लागता लागता उन्हाळा-पावसाळा गेला. आता काम मशीनचं. मी जरा आराम करतो, डोकं ताजं हवं.

११ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. थरात कॅल्शियम! कार्बन तर ढीगभर. आजवरच्या एकाही पेपरात असं नाही. म्हणजे नवा थर. परदेशी जर्नललाच पाठवणार. पहिलं प्रकरण तूर्त बाजूला, आधी थराला नाव ठरवू. आपलं आडनाव त्यात बसतंय का बघतोय.

१४ नोव्हेंबर
मॅडमना ग्राफ दाखवला. त्यांनी कॅल्शियमच्या शिखरावर पेन ठेवलं. मग विचारलं, नमुने कुणी हाताळले होते का. खंडेनवमीचं सांगितलं, जरा अभिमानानंच. त्या हळूच म्हणाल्या, कुंकू हळद-चुन्याचंच करतात ना. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा मागवला. मशीनचा पुढचा नंबर एप्रिलात. मला काहीच वाटलं नाही. चहा चांगला होता.

२ डिसेंबर
आधीच्या प्रयोगांच्या जुन्या आकड्यांवर थिसिस लिहिता येईल. सोमवारपासून.

३ जानेवारी
नोंदणी रद्द झाल्याचा मेल. दोनदा वाचला, मग जेवलो. आईनं विचारलं, झालास का रे डॉक्टर. व्हय म्हटलं. तिनं गल्लीत पेढे वाटले. मलाही दिला, खाल्ला. राहत मॅडमसाठी डब्यात वेगळे काढून ठेवलेत. उद्या नेऊन दे म्हणाली.