चौथ्या सेकंदाचा श्वास

गुरुवार, संध्याकाळ. अर्विंग, अमेरिका.

अजून ओशाळल्यासारखं वाटतंय. माझी लेक इरा कोरियन आणि अमेरिकन रॅपर्सना एकत्र आणून गाणी काढते. छोटंसं म्युझिक लेबल, ऑफिस म्हणजे आमचं गराज. माझी सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी गेली तेव्हा म्हणाली, "बाबा, यू चेक एव्हरीथिंग एनीवे. आमची गाणीपण चेक करा ना." तेव्हापासून रोज संध्याकाळी गाणं ऐकतो, चुकांची यादी कोरियात, सोलला पाठवतो. तिकडे सकाळ होते, तिथला साउंड इंजिनिअर दुरुस्त्या करतो. नोकरीत आमचं आणि पुण्याच्या टीमचं चालायचं, अगदी तसंच.

काल यादीत लिहिलं: चौथ्या सेकंदाला श्वासाचा आवाज, काढून टाकावा. त्याने काढला. आज व्हिडिओ कॉलवर आमचा सोलचा रॅपर डोयुन हळूच म्हणाला, गाणं त्याच्या गेलेल्या आईवर आहे. तो श्वास घेतल्याशिवाय त्याला पहिला शब्दच उच्चारता येत नाही.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसला टेस्टर मी? सॉरी, सॉरी म्हणत राहिलो. तर तो म्हणाला, "अंकल, माझं गाणं इतकं नीट कोणीच ऐकलं नव्हतं." आणि चक्क वाकून नमस्कार केला.

नोकरी गेल्यावर मला कोणी काही विचारेनासं झालं होतं. या पोरीने विचारलं.

आजची यादी आत्ताच पाठवली. एकच ओळ आहे: चौथ्या सेकंदाला श्वास हवा.