वर्षाच्या आत नाचलो

सोमवार, २९ डिसेंबर २००८, जालना

सकाळी गोव्याहून परतलो, लगेच कामावर गेलो. संध्याकाळी घरी आत्या वाटच बघत होती.

"सुनीलला जाऊन वर्ष झालं न्हाई, घरात दिवाळी केली न्हाई, अन् तू डीजेवर नाचून राह्यला?"

धाकट्या भावाला अग्नी देतानाही मी रडलो नव्हतो. त्याचेच मित्र मला गोव्यातल्या डीजेच्या महोत्सवाला घेऊन गेले. तिथे हजारोंच्या गर्दीत डीजेचा आवाज छातीत धडधडत होता. नाचता नाचता हुंदका फुटला. कुणालाच ऐकू गेला नाही. पोटभर रडलो. चुकलो का? बिलकुल नाही. तो आवाज अजून छातीत आहे.

आत्या गेल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "रडलास ना? मंग बरं झालं."

नंतर मोरीत बसून गोव्याच्या लाल मातीने भरलेले बूट घासले.